पोटऱ्यांच्या मसाजसाठी कुठलं इसेन्शियल ऑइल? (एकच बाटली घ्यायची आहे)

उंबरठा:
आईच्या पोटऱ्या रात्री दुखतात. झोपताना दहा मिनिटं चोळून देते, पण नुसत्या तेलाचा तिला कंटाळा आलाय, "काहीतरी वासाचं आण" म्हणते. कातडी आता पातळ आणि कोरडी झालीये. उरलेलं माझ्या कोपरांना लावीन. बजेट १० मिलीची एक बाटली. पुन्हा सांगते, एकच. लॅव्हेंडर की टी ट्री? आणि थेंब किती?

आळशी_अजगर:
एका बाटलीने काय होणार? बारांची पेटी घे, सोबत डिफ्यूझर. मी घेतलीये. चार अजून उघडल्या नाहीत, पण असाव्यात घरात.

चिकित्सक_चिमणी:
लॅव्हेंडर. लेबलवर वनस्पतीचं पूर्ण नाव बघा, लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' (म्हणजे बनवलेला वास) लिहिलं असेल तर ठेवून द्या. ३० मिली साध्या तेलात ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का. नाजूक कातडीला तेवढं पुरे.

वळीव:
+१ लॅव्हेंडर. पण ६ थेंबांत काय होतंय! मी थेट बाटलीतून चोळते. काहीही झालेलं नाही.

पोळलेला:
"काहीही झालेलं नाही" मीही म्हणायचो. मुरुमांवर टी ट्री तसंच लावायचो. बाटली जुनी, झाकण सैल, मुक्काम खिडकीत. एक दिवस गाल टोमॅटो. डॉक्टर म्हणाले, हवा-उजेड लागून तेल ऑक्सिडाइझ होतं आणि मग ऍलर्जी आणायला जास्त टपलेलं असतं. एकदा जडली की ती सहसा जात नाही. आता शाम्पूसुद्धा लेबल वाचून घ्यावा लागतो. त्यात मी आग होतेय म्हणून गाल पाण्याने धूत बसलो! हे पाण्यात मिसळतच नाही. आधी साध्या तेलाच्या बोळ्याने पुसायचं, मग साबण.

मुळात_प्रश्न:
मुळात ही तेलंच नव्हेत. कागदावर थेंब टाकून बघा. खोबरेलाचा डाग राहतो, याचा उडून जातो.

चिकित्सक_चिमणी:
चिकट, रंगीत असतील त्यांचा राहतो. आणि त्या हिशेबाने मसाजला वापरतात ते जोजोबाही तेल नव्हे, पातळ मेण आहे.

मुळात_प्रश्न:
ते मी सांगणारच होतो. अरोमाथेरपी हा शब्दसुद्धा एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा, गातफोसेचा. १९३७.

आळशी_अजगर:
धागा पोटऱ्यांचा होता ना?

निशाचर:
दुखतंय ना? मग विंटरग्रीन. बाकी सगळे नुसते वास.

रात्रपाळी:
विंटरग्रीन सुचवण्याआधी विचारा तरी, आई रक्त पातळ करायची गोळी घेते का! त्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते कातडीतून आत जातं. वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका. आणि उंबरठा, एकच पोटरी सुजलेली, गरम लागत असेल तर चोळूच नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. घरात मांजर असेल तर टी ट्री बाद, त्यांना ते विषारी.

वळीव:
लॅव्हेंडरच घे. मी आधीच सांगितलं होतं.

तिसरी_घंटा:
बर्गमॉट (लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं) सोडून काहीही घ्या. मानेला लावून उन्हात गेले, तर ओघळ गेला होता तिथे तपकिरी पट्टा, कित्येक महिने. त्यातलं बर्गाप्टेन उन्हात कातडी जाळतं.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखतात, सूज नाही, तसली गोळी नाही, मांजर नाही. दुकानात आईलाच नेलं. लॅव्हेंडर हुंगून म्हणाली, "डांबराच्या गोळ्यांचा भाऊ." टी ट्री म्हणजे "दवाखाना". तिसरी बाटली मात्र हातातून सोडेना. बर्गमॉट. तिसरी_घंटा, रागावू नका. बर्गाप्टेन काढलेलं घेतलंय, लेबलवर तसं लिहिलंय, आणि लावायचं रात्री, पायांना. तीळतेलात ३० मिलीला ६ थेंब. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली, काही उठलं नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ती कपाटात ठेवलीये.

आळशी_अजगर:
माझ्या न उघडलेल्या चारांत बर्गमॉट होतं. विचारायचं तरी.