मदत हवी आहे: ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये गेमिंगसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड बसवावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी दिवाळीत पुण्याहून रिफर्बिश्ड डेस्कटॉप आणला. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभं मोठं कॅबिनेट (मिनी टॉवर), आय५-४५९०, ८ जीबीची एकच रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासाचं सगळं त्यावर छान चालतं. व्हॅलोरंट कसाबसा चालतो, पण जीटीए ५ लावला की चित्र अडकत अडकत पुढे जातं.

गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनच्या वेळी कॉलेज सांभाळून महिनाभर दवाखान्यात तोच राहिला. तोंडाने काही मागत नाही, म्हणून वाढदिवसाला मीच ग्राफिक्स कार्ड द्यायचं ठरवलंय. भिशीचे १६,००० हातात आहेत. त्याहून वर जाता येणार नाही.

इथे सांगलीत दोन दुकानांत विचारलं, तर दोन टोकाची उत्तरं मिळाली. एक म्हणाले, सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड घ्या, एसएमपीएसला (वीज पुरवणारा डबा) कार्डाची वायर जोडायला कन्व्हर्टर लावून देतो. दुसरे म्हणाले, या मशीनला कुठलंच कार्ड चालणार नाही, नवीनच घ्या. घरी येऊन कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसवर २९० वॉट लिहिलंय. मदरबोर्डला जाणारा जोड नेहमीचा रुंद २४ पिनांचा नाही, ८ पिनांचा आहे. कार्डाला लावायची ६ पिनांची वायर कुठेच दिसली नाही. मॉनिटर जुना आहे, त्याला चित्रासाठी फक्त व्हीजीए हा जुना जोड आहे.

कन्व्हर्टर लावणं सुरक्षित आहे का? नसेल तर या एसएमपीएसवर चालणारं चांगलं कार्ड कोणतं? पैसे वाया गेले तरी मी सोसेन, पण मशीन जळलं तर त्याचा अभ्यास थांबेल, ती भीती जास्त आहे.

प्रतिसाद १

ताई, कन्व्हर्टर अजिबात लावू नका. आरएक्स ५८० एकटंच १८५ वॉट खातं. शिवाय ‘२०४८ एसपी’ (एसपी म्हणजे कार्डातले गणना करणारे छोटे भाग) नावाचं जे ५८० मिळतं ते आतून ५७० च असतं. खरं ५८० म्हणजे २३०४ एसपी. त्या कार्डांतली पुष्कळशी क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली असतात.

प्रतिसाद २

कन्व्हर्टर का नको ते सांगतो, म्हणजे दुकानात कोणी आग्रह केला तरी तुम्हाला ठाम राहता येईल. हा कन्व्हर्टर बहुतेक वेळा साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या वायरीचा असतो. साटाच्या एका जोडातून १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट घ्यायची मुभा आहे. ६ पिनांचं कार्ड तिथून ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. मग जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. असे काळे पडलेले जोड मी स्वतः बदलले आहेत.

आता दुसऱ्या दुकानदाराचं. चालणारच नाही, हे बरोबर नाही. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज देतो, वेगळी वायर लागत नाही. तुमचा प्रोसेसर ८४ वॉटचा. कार्डाचे ७५ धरा, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४० धरा. झाले २०० च्या आसपास. २९० मध्ये आरामात बसतं. म्हणजे ६ पिनांची वायर न लागणारं कार्ड शोधायचं, एवढाच नियम धरा.

त्यात माझी पहिली पसंती जीटीएक्स १६५०, ४ जीबी. पण नीट बघून घ्या, याच नावाच्या काही कार्डांना ६ पिनांचा जोड असतो. खोक्यावरचं नाव वाचून भागणार नाही, कार्डाची कडा डोळ्यांनी बघा. बजेटमध्ये बसलं तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं अधिक चांगलं. ते ७० वॉटचं आहे. ८ जीबीवालं ३०५० मात्र चुकूनही नको, त्याला जास्त वीज लागते.

आरएक्स ६४०० कोणी सुचवेल. ५३ वॉटचं आहे, पण ते स्लॉटच्या चारच लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) वापरतं आणि तुमचं मशीन पीसीआय एक्सप्रेस ३.० चं, त्यामुळे तिथे त्याचा वेग पडतो. इंटेल आर्कही या पिढीला नको, त्याला रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते. जीटीएक्स १०५० टाय स्वस्त मिळेल, पण एनव्हिडियाने त्याच्या पास्कल पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२५ मध्ये थांबवलं. आज पैसे घालून ते घेऊ नये.

प्रतिसाद ३

मॉनिटरचं विसरू नका! या कार्डांना व्हीजीए नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए असा अॅक्टिव्ह (आत चिप असलेला) अॅडॉप्टर घ्या. डीव्हीआयला लावायचा साधा जोड इथे चालणार नाही, कारण १६५० वरचं डीव्हीआय फक्त डिजिटल असतं आणि व्हीजीएला अॅनालॉग सिग्नल लागतो.

आणि ८ जीबीची दुसरी डीडीआर३ रॅम नक्की टाका. एकाच रॅमवर गेम अडखळतो. फरक लगेच जाणवेल.

प्रतिसाद ४

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायला सांगा. जुन्या जीटीएस ४५० कार्डाचं बायोस (आतलं सॉफ्टवेअर) बदलून १०५० टाय म्हणून विकतात. तसं असेल तर नावाआधी ‘फेक’ लिहून येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ८४ अधिक ७५ अधिक ४० ही बेरीज कागदावर लिहून दुकानात नेली. ३०५० बजेटच्या बाहेर गेलं, म्हणून नवीन १६५० घेतलं, वॉरंटीसकट. काचेतून कडा तपासली, जोड नाही. सेकंडहँड ८ जीबी रॅम आणि अॅडॉप्टर धरून भिशीत बसलं.

हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची जागा आधी फूटपट्टीने मोजली होती, कार्ड सहज गेलं. सुरू केल्यावर स्क्रीन काळीच. पाचेक मिनिटं हातपाय गार पडले होते. मग लक्षात आलं, मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डलाच होती. कार्डाच्या एचडीएमआयला अॅडॉप्टरने लावली आणि चित्र आलं.

जीटीए ५ ची जुनी आवृत्ती हाय सेटिंगवर न अडकता चालतेय. काल रात्री साडेअकरा वाजता त्याने मला उठवून शहरावरून विमान उडवून दाखवलं.

एकच शंका राहिली. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि ओढूनताणून टाकलं तर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतो असं वाचलं. मशीनमध्ये १.२ आहे. तूर्तास १० वरच ठेवावं का? त्याचं बँकेचं आणि कॉलेजच्या फीचं काम मी माझ्या लॅपटॉपवर करून देऊ शकते.

प्रतिसाद २ चे लेखक

हो ताई, १० वरच ठेवा आणि पैशांचे व्यवहार लॅपटॉपवरच करा. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटखाली नोंदणीचा पर्याय दिसेल. तेवढी आजच करून टाका.