पाणमांजरांसाठी तळं: पाणी किती, जमीन किती?

रेवा_लँडस्केप

नमस्कार मंडळी. मी पुण्यात लँडस्केपचं काम करते. सोसायट्यांच्या बागा, रिसॉर्टची तळी असं आजवरचं काम. आता तळकोकणातल्या एका प्राणी बचाव केंद्राचं काम हातात आलंय. तिथे तीन पाणमांजरं आहेत, स्मूद-कोटेड जातीची. एक नर, दोन माद्या. मासेमारीच्या जाळ्यात सापडलेली. एकीचा मागचा पंजा कामातून गेलाय, बाकीची दोघं माणसांना फार सोकावलीत. त्यामुळे नदीत परत सोडणं नाही, जन्मभर इथेच राहायची.

जागा साधारण 600 चौरस मीटर, थोडी उताराची, शेजारून वहाळ (ओढा) जातो. विश्वस्तांनी आधीच कुणाकडून तरी चित्र काढून घेतलंय: मधोमध 350 चौरस मीटरचं तळं, कमळं, जांभ्याचे काठ, मागे धबधबा, पुढे जाड काच. दिसायला झकास आहे, पण मला खटकतंय. जनावर पाण्यातलं म्हणून सगळं पाणीच द्यायचं का? फिल्टरचा खर्च टाळून वहाळाचं पाणी आत वळवलं आणि खालून बाहेर काढलं तर चालेल का? तळाशी प्लास्टिकचं लायनर टाकू की काँक्रीट? आणि काठावर काय लावलं तर ते टिकेल? कुणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर प्लीज सांगा. पुस्तकी माहिती बरीच वाचून झाली.

फार्महाऊसवाला

मस्त धागा! आमच्या मुळशीच्या जागेत शेततळं आहे, पाणी बारमाही. अशी एखादी जोडी कुठे मिळेल का? जपानमध्ये लोक घरात पाळतात, रील्स बघितलीत. फार गोड असतात.

जुना_कीपर

फार्महाऊसवाले साहेब, मिळणार नाही. आणि मिळालीच तर वनखात्याची गाडी तुम्हालाच न्यायला येईल. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडच्या तिन्ही जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुम्ही बघता त्या रील्समुळेच पिल्लांची चोरटी आयात इतकी वाढली, की 2019 साली स्मूद-कोटेड आणि लहान नखांची, अशा दोन्ही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्सने, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या जागतिक कराराने, बंद केला. शेततळ्यात रोहू सोडा, खायला तरी मिळेल.

आता रेवाताई. मी सरकारी प्राणिसंग्रहालयात कीपर होतो, निवृत्त झालो. पाणमांजरांचं आवार बरीच वर्षं माझ्याकडे होतं, तेव्हा जरा लांबण लागेल.

तुमच्या त्या चित्रकाराला आधी एक विचारा, जनावर सुकणार कुठे? पाणमांजराच्या कातडीखाली सीलसारखी चरबी नसते. गारठा अडवते ती आतली दाट लव आणि तिच्यात धरून राहिलेली हवा. पाण्यातून बाहेर आलं की ते अंग झटकतं, मग वाळूत नाहीतर गवतात पाठ घासतं, पोट घासतं, मान तिरकी करून गालसुद्धा घासतं, आणि मग कितीतरी वेळ दातांनी केस विंचरत बसतं. हे जमलं नाही तर ओली गोधडी पांघरून झोपल्यासारखी गत होते. लव चिकटते, पाणी कातडीपर्यंत पोचतं, आणि न्यूमोनिया धरायला वेळ लागत नाही. आमच्याकडच्या जुन्या आवारात सगळीकडे फरशी होती. तिथल्या जनावरांचे केस कायम चिपाडासारखे दिसायचे. वाळू आणि माती टाकल्यावर एका हंगामात तकाकी आली.

म्हणून पाणी एक भाग आणि जमीन तीन ते चार भाग. जगभरात हेच धरतात. तुमच्या 600 मध्ये तळं 120 ते 150 चौरस मीटरच्या वर नको. विश्वस्तांना जनावराची दया दाखवून पटणार नसेल तर विजेचं बिल दाखवा. 150 चौरस मीटर, सरासरी खोली 80 सेंटिमीटर, म्हणजे सव्वा लाखाच्या आत लिटर पाणी. मी दोन तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरेल असा पंप धरतो, म्हणजे ताशी 60 हजार लिटर. तुमचं 350 चं तळं केलं तर हे सगळं दुपटीच्या पुढे जाईल. हा आकडा ऐकला की कुठलाही खजिनदार प्राणिप्रेमी होतो.

कोकणात आणखी एक भानगड. तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उघड्यावरची वाळू जून ते सप्टेंबर लगदाच असणार. तेव्हा निदान एक वाळूचा खड्डा छपराखाली हवा, चार-पाच मीटर लांब, हात-दीड हात खोल, खालून पाणी निघून जाईल असा. पावसाळ्यात सगळा कुटुंबकबिला तिथेच पडून असतो. छपराच्या पागोळ्या त्या खड्ड्यात पडणार नाहीत एवढं बघा. हे ड्रॉइंगवर सगळे विसरतात.

दुसरं, जमिनीचा उतार तळ्याकडे ठेवू नका. बागेच्या तळ्यात आपण काठ आत झुकवतो, इथे उलटं. ही जनावरं हागायला ठरावीक जागा धरतात, सगळी मिळून, बहुतेक काठाजवळच. मासळीचे काटे, खवले, तो वास! उतार आत असला की पहिल्या सरीला सगळं तळ्यात. काठावर वीतभर उंचवटा द्या आणि बाकी जमीन बाहेरच्या गटाराकडे काढा. ती जागा रोज चकाचक धुवायच्याही फंदात पडू नये. वास सगळा गेला की दुसऱ्या दिवशी दुप्पट जागी घाण करतात. थोडं ठेवायचं, थोडं उचलायचं.

जांभा नको. कोकणात तो स्वस्त आणि शोभतोही, पण धार खरखरीत असते, पावलाच्या गाद्या सोलून निघतात. आधीच अधू पंजा असलेल्या मादीला तर मुळीच नको. नदीतले गोल काळे गोटे घ्या, तेही एकट्या जनावराला लोटता येणार नाहीत एवढे मोठे. लहान खडे मोजून-मापून द्या. का ते सांगतो. आमची एक मादी लिंबाएवढा खडा छातीवर ठेवून दोन्ही पंजांनी वरखाली करत बसायची, लोक खूश व्हायचे. खेळून झालं की तोच खडा नेऊन तळाच्या ड्रेनच्या जाळीत दाबायची. नुसता टाकायची नाही, पंजाने ठोकून बसवायची. जाळी बोल्टने आवळलेली, तरी भोकं एकेक करून बंद. ड्रेन दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. म्हणजे एक तुंबला तरी दुसरा ओढत राहतो आणि कुठल्याही एका जाळीवर जनावर चिकटण्याएवढी ओढ येत नाही.

लायनर विसरा, नखांनी फाडतील. काठ नुसत्या मातीचा ठेवलात तर बीळ खोदून तळंच रिकामं करतील. तळाला आरसीसी, वरून गुळगुळीत घोटाई, आणि त्यावर गोटे आणि ओंडके. काँक्रीट कुणाला दिसता कामा नये, पण असलं पाहिजे.

मेघना_सिंगापूर

जुना_कीपर यांचं वाळूबद्दलचं म्हणणं इथे रोज डोळ्यांनी दिसतं. सिंगापूरमध्ये हीच स्मूद-कोटेड जात शहरात मोकळी फिरते. आमच्या घराजवळच्या बिशान पार्कात पूर्वी कलांग नदीचं सरळसोट काँक्रीटचं गटार होतं, सुमारे 2.7 किलोमीटरचं. ते फोडून 2012 पर्यंत वळणावळणांची नदी केली. गवताळ काठ, मोठे दगड, झाडांच्या मुळांनी धरलेली माती. पुढे तिथे पाणमांजरांचं कुटुंब आलं आणि बिशानचं कुटुंब म्हणून प्रसिद्धच झालं.

सकाळी फिरायला गेलं की दिसतात. पोहताना जेवढी दिसतात, तेवढीच गवतात लोळताना. मासा पकडला की लहान असेल तर पाण्यातच कुरकुर खातात, मोठा असेल तर काठावर ओढून आणतात. आणि एक, काठ सोयीचा असेल तिथूनच बाहेर येतात असं काही नाही. दिसेल तिथून चढतात. पण पंजा अधू असलेल्या मादीला ते जड जाईल, तेव्हा तिला चढायला तुमच्या तळ्याचा एक तरी भाग सपाट उथळ ठेवा.

अवांतर: इथे बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या तळ्यांतले महागडे कोई मासे हे लोक रातोरात फस्त करतात. तुमच्या कमळांचं काय होईल याची कल्पना करा.

रेवा_लँडस्केप

काका, मेघना, खूप आभार. उतार बाहेर काढायचा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण वहाळाच्या पाण्याचं राहिलं. विश्वस्तांचा सगळा जोर त्यावर आहे, "फुकटचं वाहतं पाणी असताना फिल्टर कशाला?" आणि झाडांचं?

जुना_कीपर

फुकटचं पाणी मार्चमध्ये आटतं आणि जुलैत लाल चिखल घेऊन येतं. वर वाडी असेल तर वाडीचा साबण, फवारणी, उंदरांचं मूत, सगळं त्यात आलं. शिवाय बाहेर जाणारं पाणी कुठे जाणार? खालच्या वहाळात रानातली पाणमांजरं असू शकतात. तिलारीच्या बाजूला ती आहेतच. बचाव केंद्रातलं दुखणं त्यांना पोचवायचं का? भर घालायला वहाळ किंवा विहीर वापरा, पण पाणी तळ्यातच फिरवून गाळा.

गाळायला नुसता सँड फिल्टर लावलात तर खवले आणि माशाच्या तेलाने तो दोन दिवसांत बसेल. आधी एक निवळटाकी द्या, मग सँड फिल्टर, मग जंतू मारायला यूव्ही दिवा. क्लोरीनचा मोह नको, केसांवरचं नैसर्गिक तेल जातं. वरची जागा रिकामी असेल तर तिथे वेगळी उथळ वाफ्यासारखी टाकी करा. खडी भरून पाणकणीस, कर्दळ, नागरमोथा लावा आणि गाळलेलं पाणी तिच्यातून सोडा. ती कुंपणाबाहेर हवी. तुमची कमळंसुद्धा तिथेच जगतील. विश्वस्तांचा धबधबा हवाच असेल तर या टाकीतून परत येणारं पाणीच दोन-तीन पायऱ्यांवरून तळ्यात उतरवा. वेगळा पंप नको, आणि रात्रंदिवस धो-धो आवाजही नको, जनावरांना एकमेकांच्या शिट्ट्या ऐकू यायला हव्यात.

आतली झाडं: रोप नको, झाडच लावा. वाळुंज, उंबर, करंज, बुंध्याभोवती मोठे गोटे दाबून. शेरणीची झुडपं पुराच्या धारेत उभी राहतात, इथेही टिकतात. ती वहाळाकाठी तुम्हाला तयार मिळतील. पण पहिला पावसाळा झाडं रुजू द्या आणि जनावरं नंतर सोडा. गवताचं फार मनाला लावून घेऊ नका. येण्याजाण्याच्या वाटा पडणारच, त्या पडल्या की समजायचं आवार वापरात आलं.

काच एकाच बाजूला, तीही लोक सावलीत उभे राहतील अशी. बाकी तीन बाजूंनी माणूस दिसता कामा नये. मुळात बचाव केंद्र लोकांना खुलं ठेवायचं की नाही, हे सीझेडएच्या (केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या) मंजुरीत काय लिहिलंय त्यावर आहे. काचेची ऑर्डर देण्याआधी तो कागद मागा.

पशुवैद्य_सिंधुदुर्ग

चांगली चर्चा. माझ्याकडून थोडं. कोकणात लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) आहेच, त्यामुळे खाद्याची खोली आणि रात्रीचा निवारा उंदीरबंद करा. कीपरनेही गमबूट-हातमोज्यांशिवाय पाण्यात उतरू नये. भटकी कुत्री जाळीला तोंड लावू शकली तर डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा धोका, म्हणून बाहेरून मीटरभर अंतरावर दुसरं कुंपण. आतलं कुंपण पावणेदोन-दोन मीटर उंच, वर आत झुकलेली पट्टी, खाली पाया जमिनीत. आउटलेटच्या तोंडाला जाळी, पळतात ती तिथूनच.

नर आणि माद्या एकत्र ठेवणार असाल तर प्रजनन होऊ द्यायचं की नाही ते आधी ठरवा. पिल्लं जन्मतः पोहत नाहीत. आई मानगुटीला धरून त्यांना पाण्यात घालते आणि खडा काठ असला तर ती दमून बुडतात. पाणी घोट्याएवढं खाली आणता येईल असा व्हॉल्व्ह हवा. रात्रीच्या निवाऱ्यात किमान तीन स्वतंत्र खोल्या, भांडण झालं किंवा औषध द्यायचं असलं तर. गोठवलेली मासळी देणार असाल तर बी-1 जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागतं, काही माशांत ते नासवणारं एन्झाइम असतं.

फार्महाऊसवाला

बरं, जोडीचं राहू द्या. पण आमच्या शेततळ्याच्या काठाला शेरणी लागेल का? दर पावसात बांध खचतोय.

जुना_कीपर

लागेल की. ओढ्याकाठच्या जून फांद्यांची कलमं आणा, पावसाच्या तोंडावर खोचा. बांधाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर.

रेवाताई, नवीन नकाशा झाला की इथे टाका. आधी गटाराचे उतार आणि व्हॉल्व्हच्या जागा दाखवा, धबधबा मग बघू. आणि सगळे व्हॉल्व्ह कुंपणाच्या बाहेर घ्या.