बारा व्होल्टवरचा व्हॉल्व्ह आणि तो 'उबदार' आवाज

सोल्डरवाला:
परवा इथे एकाने लिहिलं की माइकचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) घरी बनवायला १२एएक्स७ व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असते तशी काचेची नळी) घ्या, बारा व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावा, मागे एक ऑपअँप (अ‍ॅम्प्लिफायरची चिप) जोडा आणि गाण्याचा आवाज जुन्या रेकॉर्डसारखा उबदार येतो, व्हॉल्व्ह मिळत नसेल तर घरातला जुना रेडिओ खोला. खाली सगळ्यांनी भराभर अंगठे दिलेत. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

या व्हॉल्व्हला प्लेटवर (आतल्या करंट गोळा करणाऱ्या पत्र्यावर) दोनशे-अडीचशे व्होल्ट लागतात. बाराला त्यातून नावापुरता करंट जातो, खरा गेन (सिग्नलची वाढ) ऑपअँपच देतो आणि व्हॉल्व्ह मधे बसून सिग्नल फक्त चेपतो. काही स्वस्त डब्यांत तर मागे नारिंगी एलईडी लावतात, लोकांना वाटतं व्हॉल्व्हच पेटलाय.

आता हिशोब बघा. एसएम५८ माइकसमोर गायलं की एक-दोन मिलिव्होल्ट मिळतात, १:१० चा इनपुट ट्रान्सफॉर्मर लावला की व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (जिथे सिग्नल आत जातो) दहा-वीस. एवढ्याशा सिग्नलला ट्रायोड (१२एएक्स७ याच जातीचा) जवळपास सरळच वागतो, आवाज उबदार करणारं सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा सूर) असून नसल्यासारखं. रंग चढतो तो पुढची स्टेज जोरात चालवली तर, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या आरईडीडी ३७ कन्सोलमध्ये व्ही७२एस अ‍ॅम्प्लिफायर होते, एकेकात दोन पेन्टोड (दुसऱ्या जातीचे व्हॉल्व्ह), आत-बाहेर ट्रान्सफॉर्मर आणि वर निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा थोडा सिग्नल उलटा आत देऊन चूक कमी करणं). म्हणजे बनवणारे डिस्टॉर्शन (सिग्नलचा आकार बिघडणं) कमी करायलाच झटत होते! आपण मात्र ट्रान्सफॉर्मरवर काटकसर करतो आणि पैसे महागड्या कपॅसिटरवर घालतो.

तारषड्ज:
गणित बरोबर असेल दादा, पण मी गाते आणि मला ऐकू येतं. माझ्या भावाने बनवलेल्या प्रीअँपवर तार सप्तकात गेलं की आवाज टोचत नाही, इंटरफेसवर (माइक कंप्युटरला जोडणारा डबा) थेट घेतला की टोचतो. तो माझा भ्रम म्हणायचा का? ग्राफ बघणाऱ्यांनी कधीतरी हेडफोन लावून रियाजाचं रेकॉर्डिंगही ऐकावं.

सोल्डरवाला:
ताई, दोन्हींची लेव्हल जुळवून ऐकलंत का? एक डीबी (डेसिबल) जास्त असलं तरी तेच गोड लागतं. आणि भावाने प्लेटला किती व्होल्ट दिलेत?

तारषड्ज:
त्याला विचारलं. अडीचशे. ट्रान्सफॉर्मरही आहे, पत्र्याच्या डबीत बंद केलेला. लेव्हल जुळवली नव्हती, ते मान्य. पण मग तुम्ही ज्याला शिव्या घालताय तो हा प्रीअँप नाहीच, आणि तुमचं शीर्षक वाचून माझ्या भावाची मेहनत फुकट गेली असं वाटलं म्हणून मी चिडले.

सोल्डरवाला:
अडीचशे असतील तर त्याला माझा नमस्कार सांगा. फक्त तानपुरा त्याच माइकात येत असेल तर गेन चढवू नका. व्हॉल्व्ह जोरात चालला की इंटरमॉड्युलेशन होतं, दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्या नको तिथे उगवतात आणि तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझणीत गुंज) गढूळ होते.

तारषड्ज:
हे मात्र खरंय, आमच्याकडे तसंच झालं होतं, दोष तानपुऱ्याला दिला गेला.

रेडिओवेडा:
उबदार-थंड चालू द्या तुमचं. "घरातला जुना रेडिओ खोला" हे कुणालाच खटकलं नाही? पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जाऊन बघा, मर्फीची रिकामी लाकडी खोकी मांडलेली असतात, आतलं सगळं उपटलेलं, डायलची काचसुद्धा गायब. चालू रेडिओ एका व्हॉल्व्हसाठी मारतात लोक!

मधलीसुट्टी:
मारतात कसले, माळ्यावर वाळवीच खाते त्यांना. आजोबांचा रेडिओ आमच्याकडे वर्षानुवर्षं बंद पडलाय, मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर घरी यायला तयार नाही. त्यातला व्हॉल्व्ह गाण्याच्या कामी आला तर आजोबांना आनंदच होईल. प्रत्येक जुनी वस्तू म्युझियममध्ये ठेवायची का?

रेडिओवेडा:
व्हॉल्व्हवरचे नंबर वाचलेत का? यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ असतील तर हिटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) सगळे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले, शंभर मिलिअँपचे. यूएल८४ला एकट्याला ४५ व्होल्ट लागतात, तुमच्या अ‍ॅडाप्टरवर तो लालसुद्धा होणार नाही. म्हणजे रेडिओही जाणार आणि प्रीअँपही नाही. शिवाय अशा रेडिओला मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट लाईनवर. माझ्या काकांनी नॉब तुटलेल्या रेडिओचा आवाज वाढवायला उघडी दांडी धरली आणि फेकले गेले, दोन दिवस हात वर होत नव्हता. आणि तुम्ही इथे पोराटोरांना सांगता खोला म्हणून?

मधलीसुट्टी:
ओरडताय कशाला? मी काय लहान आहे? प्लग काढूनच खोलणार ना.

सोल्डरवाला:
प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर भरलेला राहतो. प्रीअँप बनवलात तर त्याच्यावर ब्लीडर रेझिस्टर (उरलेला चार्ज हळूहळू काढून टाकणारा) लावा, शिवाय दरवेळी मीटरने मोजा, मग हात घाला. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसलेल्या चासीला माइक जोडायचा तर विचारही नको, माइकची धातूची जाळी गाणाऱ्याच्या ओठांना लागते. यावर रेडिओवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत, पोस्ट टाकणाऱ्याने हे लिहायला हवं होतं.

तारषड्ज:
माझ्या ओठांना! भावाला आत्ताच फोन करते, अर्थिंग तपासलंय का म्हणून. आमच्या वाड्यात तिसऱ्या पिनला वायरच नाही.

मधलीसुट्टी:
बरं बाबा, जिंकलात. नंबर बघितले, यूएल८४च निघाला. नाही खोलत रेडिओ. पण मग बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) जुना १२एएक्स७ घेऊ की नवीन? आणि इनपुट ट्रान्सफॉर्मरचं काय?

सोल्डरवाला:
व्हॉल्व्ह कुठलाही घ्या, बोटाने टिचकी मारून हेडफोनमध्ये ऐका, घंटीसारखा वाजला तर परत करा. हिटरला डीसी द्या नाहीतर पन्नास हर्ट्झची घरघर येणार. ट्रान्सफॉर्मर मात्र म्यूमेटलच्या (बाहेरचं चुंबकी क्षेत्र अडवणारा धातू) डबीतलाच, त्यात तडजोड नको.

रेडिओवेडा:
आणि त्या रेडिओचा मागच्या पुठ्ठ्यासकट फोटो टाका. मी विकत घ्यायला तयार आहे, दुरुस्तही करून दाखवतो.

मधलीसुट्टी:
विकायचा नाहीये. दुरुस्त करून देणार असाल तर बोला.