मेंदूतल्या दोन लाटा समोरासमोर आल्या तर? 'आरपार जातात' हे पटत नाही

दादरकर:
माटुंग्याला एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, गेटवेच्या भिंतीवर आपटून परतणारी लाट जशी येणाऱ्या लाटेतून आरपार निघते, तसंच मेंदूतल्या लाटांचं, म्हणजे पेशींमागून पेशींत पसरत जाणाऱ्या विद्युत हालचालीचं. टाळ्याही पडल्या! मला हे साफ चूक वाटतं. न्यूरॉन (मज्जापेशी) एकदा फायर झाला, म्हणजे त्याने विद्युत स्पंद सोडला, की त्याचे सोडियम चॅनेल (सोडियम आत घेणारी आवरणातली दारं) क्षणभर निकामी होतात, तेवढ्यात तो पुन्हा फायर होत नाही. समोरासमोर आलेल्या दोन्ही लाटांना पुढे अशाच नुकत्या फायर झालेल्या पेशी मिळणार. मग दोघी तिथंच संपल्या.

शंकेखोर:
इतकं सोपं असतं तर! हाइमबुर्ग आणि जॅक्सन यांनी २००५ मध्ये मांडलंय की मज्जातंतूतला स्पंद हा पेशीच्या आवरणातून जाणारा ध्वनीसारखा तरंग आहे, आणि असे तरंग एकमेकांतून आरपार जातात. पुढे २०१४ मध्ये कोपनहेगनच्या गटाने गांडूळ आणि लॉब्स्टरमध्ये स्पंद टकरीनंतरही शाबूत राहिल्याचं प्रसिद्ध केलं. स्पंद निव्वळ विद्युत मानणारं हॉजकिन-हक्सलींचं १९५२चं गणित नोबेल मिळालं म्हणून वेदवाक्य होत नाही.

परळची टेक्निशियन:
गांडुळाचं राहू द्या, मी रोज माणसांच्या नर्व्ह टेस्ट करते. गुडघ्यामागे हलका शॉक दिला की संदेश मणक्यापर्यंत जाऊन परततो आणि पोटरीच्या स्नायूत एच-रिफ्लेक्स नावाचा उशिरा येणारा प्रतिसाद दिसतो. करंट वाढवला की मणक्याकडे न जाता थेट स्नायूत येणारी एम-वेव्ह मोठी होते आणि एच लहान होत होत गायब. कारण आता मोटर (स्नायूंना हुकूम नेणाऱ्या) तंतूंतून उलटे, वर जाणारे स्पंदही निघतात, ते परतणाऱ्यांना वाटेत गाठतात आणि दोन्ही संपतात. आरपार गेले असते तर एच कशाला गेला असता? (पेशंट तोवर "मॅडम, बास" म्हणत असतो, ते वेगळं.)

शंकेखोर:
ती पायातली नस झाली, ताई. विषय मेंदूचा आहे.

रात्रपाळी:
मेंदूतही उदाहरण आहे. ब्राझीलच्या लेआंव यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत नोंदवलेली स्प्रेडिंग डिप्रेशनची (पेशींचं काम बंद पाडत पसरणारी) लाट मिनिटाला जेमतेम ३ मिलिमीटर सरकते आणि मागचा भाग काही मिनिटं निपचित पाडते. अशा दोन भेटल्या की विझतात. अर्धशिशीत डोळ्यांपुढे सरकणारी नागमोडी रेघ हिच्यामुळेच येते असं मानतात.

पण दादरकर, सरसकट बोलू नका. ईईजीत (डोक्यावर तारा लावून काढलेल्या मेंदूच्या आलेखात) विद्युतक्षेत्रांची बेरीज होतेच. आणि जाग्या माकडाच्या दृश्य कॉर्टेक्सवरचं (मेंदूच्या पाहण्याच्या भागावरचं) २०१९चं काम बघा: दोन ठिपके एकापाठोपाठ दाखवले, तर त्यांनी उठवलेल्या दोन लाटांची सरळ बेरीज झाली नाही, दाब पडला, म्हणजे प्रतिसाद बेरजेपेक्षा कमी आला.

दादरकर:
दाब पडला म्हणजे आरपार नाहीच ना?

शंकेखोर:
'तिथंच संपल्या' हेही नाही. त्याचं काय करताय?