१९८६चा युरोपियन कप कोणाच्या नावावर? (स्टेआवा बुखारेस्ट)

सियागंजकर
इंदूरच्या आमच्या मंडळात सैन्याच्या फुटबॉल क्लबांवर भित्तिफलक लावायचे आहेत. स्टेआवापाशी गाडी अडली. एका यादीत १९८६चा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) एफसीएसबीच्या नावावर आहे, दुसरीत सीएसए स्टेआवाच्या. क्लब एक की दोन? शिवाय महूच्या लष्करी छावणीतून येणारी मुलं आपल्या सैन्यदलांच्या 'सर्व्हिसेस' संघाबद्दल विचारणारच.

छावणीवाला
आधी नावं ओळीनं लावा. ७ जून १९४७ला रुमेनियाच्या सैन्यानं क्लब काढला तो एएसए म्हणून. १९४८मध्ये तो सीएससीए झाला, १९५०मध्ये सीसीए आणि १९६१मध्ये स्टेआवा, म्हणजे तारा. त्यामुळे १९५६चा लीग विजेता सीसीए दिसला की तो वेगळा क्लब समजू नका.

अंतिम सामना ७ मे १९८६, सेव्हिल, समोर बार्सिलोना. १२० मिनिटं गोल नाही. पेनल्टीत गोलरक्षक डुकाडामनं बार्सिलोनाच्या चारही किक अडवल्या, स्टेआवा २-०. पूर्व युरोपात हा कप पहिल्यांदाच गेला. त्या दिवशी स्टेआवा पांढऱ्या कपड्यांत खेळला. लाल-निळे कपडे बार्सिलोनाचे आहेत, पण स्टेआवाचे नेहमीचे रंगही तेच. म्हणून फोटोखालच्या ओळी सहज उलट्या छापल्या जाऊ शकतात. फलक चिकटवण्याआधी एवढं तपासाच.

पेनल्टी_बॉक्स
खरी गोम १९९८मध्ये आहे. तोपर्यंत फुटबॉल हा संरक्षण मंत्रालयाच्या क्रीडासंस्थेचा, म्हणजे सीएसए स्टेआवाचा, एक विभाग होता. हँडबॉल, रग्बी वगैरे त्याच छपराखाली. १९९८मध्ये फुटबॉल बाहेर काढून स्वतंत्र संस्थेकडे दिला आणि २००३मध्ये खाजगी कंपनी आली. खेळाडू आणि लीगमधली जागा तिकडे गेली. नाव नि बिल्ला मात्र कोणाचा, हे प्रकरण सैन्यानं २०११मध्ये कोर्टात नेलं. डिसेंबर २०१४मध्ये निकाल सैन्याच्या बाजूनं लागल्यावर कंपनीच्या संघाला नाव-बिल्ल्याविना सामना खेळावा लागला, धावफलकावर नुसतं 'यजमान संघ'. २०१७मध्ये त्यानं एफसीएसबी हे नाव घेतलं. त्याच वर्षी सैन्यानं आपला फुटबॉल विभाग पुन्हा उभा केला, थेट चौथ्या स्तरापासून.

फलकावर १९८६साठी 'स्टेआवा बुखारेस्ट, सैन्याचा क्लब' असंच लिहा. त्या दिवशी तेच खरं होतं. आजचा एफसीएसबीचा बिल्ला त्या फोटोशेजारी लावणं चूक. तो नंतरचा आहे.

सियागंजकर
आणि १९९८ ते २००३?

पेनल्टी_बॉक्स
तिथे 'वादग्रस्त' लिहून दोन्ही नावं द्या. २००५पासूनची लीग विजेतेपदं एफसीएसबीकडे.

छावणीवाला
मुलांना एवढं सांगा: सर्व्हिसेस हा क्लबच नाही. संतोष ट्रॉफीत महाराष्ट्र, बंगाल उतरतात तसा तो भूदल, नौदल, हवाई दलाचा मिळून उतरणारा संघ आहे. १९६०-६१ला तो पहिल्यांदा जिंकला आणि २०२३-२४ला गोव्याला १-० हरवून सातव्यांदा. क्लबसारखं पाहायचं तर ड्युरँड कपकडे वळा. १८८८मध्ये सिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा गोरखा ब्रिगेडनं १९६६ आणि १९६९मध्ये जिंकली, सैन्याच्याच आर्मी ग्रीन संघानं २०१६मध्ये मणिपूरच्या नेरोका क्लबला पेनल्टीवर हरवून. हे खेळाडू नोकरीतले जवान. म्हणून नाव आणि बिल्ला दुसऱ्याच्या हाती जाण्याचा प्रश्न तिथे उभाच राहिला नाही.