मदत हवी आहे: लाठीचे नवशिके आणि पट्ट्याचे जुने एकाच मैदानावर

नमस्कार मंडळी,

सहकारनगर भागात एका शाळेच्या मैदानावर मी शनिवार-रविवार सकाळी मर्दानी खेळ शिकवते. १७ जण येतात. सगळ्यात लहान मुलगी ९ वर्षांची, सगळ्यात मोठे काका ५२ वर्षांचे. ५ जणांचा लाठीवर ३ वर्षांत चांगला हात बसलाय, ६ जण दिवाळीनंतर आलेत, बाकीचे मधले. शिकवणारी मी एकटीच.

जुन्या पाचांना गेल्या महिन्यात बोथट पात्याचा पट्टा, म्हणजे दांडपट्टा, दिला. (२०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाल्यापासून पालक चौकशीला येतात तेच पट्ट्याचं नाव घेऊन.) पण लाठीची सवय इथे आडवी येते. लाठीची फिरकी मनगटातून निघते. पट्ट्याची मूठ मनगटाच्या वरपर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट जखडलेलं असतं आणि वार खांद्या-कमरेतून काढावा लागतो. सवयीने मनगट वळवायला गेलं की कोपर दुमडतं आणि लवचीक पातं स्वतःच्याच पोटरीकडे येतं. म्हणून त्यांना मी सध्या सावकाश, मोजून पवित्रे घ्यायला लावते.

खरी अडचण हलगीची आहे. आमच्यातला एक मुलगा फार छान वाजवतो, आणि हलगीशिवाय पोरांच्या पायात जोर येत नाही. मधल्यांना चढता ठेका लागतो, नव्यांना आणि पट्टेवाल्यांना संथ. मैदान एकच, आवाज सगळीकडे पोचतो. ठेका चढला की नवी मुलं पवित्रा सोडून नुसती काठी गरगरा फिरवतात. गेल्या रविवारी एकाची काठी सुटून शेजारच्या मुलीच्या नडगीवर बसली. दोघांमध्ये ८ फूट अंतर होतं, तरी. सूज दोन दिवसांत उतरली, पण माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही.

नव्यांना जुन्यांच्या हाताखाली देऊन पाहिलं. एका दादाची मागची टाच उचलायची खोड आता तिघांत उतरली आहे.

पहिली २० मिनिटं सगळ्यांनी मोकळ्या हाताने एकच पवित्रे करायचे आणि मग गट पाडायचे, असं मनात आहे. पण ठेक्याचं काय करू? कोल्हापूरकडच्या आखाड्यांत लहानमोठे एकत्र खेळतात, तिथे नवशिक्याला हलगीवर कधी घेतात? आणि पट्टा शिकवणाऱ्यांनी हेही सांगा, मनगटाची सवय मोडेपर्यंत लाठी पूर्ण बंद ठेवता का?

तोवर मी हलगी घरीच ठेवायला सांगितली आहे.