मदत हवी आहे: सामान आणि मागे माणूस असला की बाईक ८०च्या पुढे डुलते (नागपूर)

नमस्कार मंडळी,

माझी ३५० सीसीची टुरिंग बाईक आहे, २२ हजार किमी झाली. एकट्याने चालवताना काहीच तक्रार नाही. वर्धा रोडवर रोजचं जाणं-येणं आहे, ९०लाही हँडल स्थिर असतं. पण बायको मागे बसली आणि सामान लावलं की तीच गाडी वेगळी होऊन जाते.

गेल्या महिन्यात पचमढीला गेलो होतो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, नेहमीचाच रस्ता. सावनेर सोडल्यावर मोकळा पट्टा मिळाला. ८५ला एका ट्रकला ओव्हरटेक केलं. ट्रकच्या तोंडापुढे निघालो तसा बाजूने वारा आदळला आणि गाडीचं मागचं टोक डावी-उजवीकडे डोलायला लागलं. हँडल थरथरत नव्हतं, अख्खी गाडीच सापासारखी चालली होती. बायकोची बोटं माझ्या खांद्यात रुतली. ब्रेक दाबायचा मोह झाला, पण नाही दाबला. रेस हळूहळू सोडली, ६५ला आल्यावर गाडी शांत झाली. पुढचे दहा-बारा किलोमीटर ती एक शब्द बोलली नाही. सौंसरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "पुढच्या वेळी आपण बसने जाऊ."

पुढे तामियाच्या घाटात वेगळाच त्रास. वळणावर गाडी आत वळायला तयार नाही, बाहेरच्या बाजूला ओढत जाते. अंधार पडल्यावर हेडलाइट रस्त्यावर कमी आणि झाडांच्या शेंड्यांवर जास्त. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता.

सामान असं होतं: दोन्ही बाजूंच्या बॅगा प्रत्येकी ९ किलो, मागच्या टॉप बॉक्समध्ये १४ किलो (हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, कॅमेरा, पंप). माझं वजन ७८, तिचं ६२.

परतल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवलं. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलला, चाकं सरळ करून दिली. गेल्या रविवारी सामान लावून दोघं कामठी रोडला फिरून आलो, डुलणं तेवढंच आहे. टायरमध्ये हवा पुढे २४, मागे २६ आहे. उन्हाळा लागला की पंपावर कमीच भरतात, "गरमीत टायर फुटते साहेब" म्हणून.

मेच्या शेवटी चिखलदऱ्याला जायचं आहे. समृद्धीवर दुचाकीला मनाई, म्हणजे अमरावती रोडनेच, ट्रकच्या गर्दीतून. महागडे शॉकअप टाकू का? की स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर दाबणारा छोटा शॉक) बसवू? तिला पुन्हा मागे बसवायची हिंमत मला आधी यायला हवी. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

जुना फिटर

भाऊ, पैसे खिशातच ठेवा. अजून काही विकत घ्यायची वेळ आलेली नाही.

हँडल जोरात फडफडतं ती तक्रार वेगळी आणि मागून अख्खी गाडी सेकंदाला दोन-तीन हेलकावे खाते ती वेगळी. तुमची दुसरी आहे. स्टिअरिंग डॅम्पर पहिल्या तक्रारीला लागतो, तुमच्या गाडीला त्याने फरक पडणार नाही. तुमचं दुखणं मागच्या बाजूला आहे.

सगळ्यात आधी हवा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ही आपल्या विदर्भातली फार जुनी आणि फार घातक समजूत आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते, त्या दबण्यानेच टायर तापतो. फुटतो तो त्याने. चेनच्या कव्हरवर किंवा पुस्तिकेत दोघांसाठीचा आकडा लिहिलेला असतो, मागच्या चाकाचा आकडा एकट्यापेक्षा जास्त असतो. तो पाळा, आणि सकाळी गाडी थंड असताना भरा. दुपारी पंपापर्यंत गाडी चालवत नेली की आकडा वर दिसतो, कारण साधारण दर ५-६ अंशांना एक पीएसआय वाढतो. तो वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नका.

मग मागचे शॉकअप. स्प्रिंगच्या खाली तिचा ताण कमी-जास्त करणारी पायऱ्यांची रिंग असते, बहुतेकांची ती कारखान्यातून आलेल्या जागेवरच राहते. आधी मोजा. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत सरळ वर अंतर घ्या. मग दोघं बसा, सामान लावा, तिसऱ्या माणसाकडून तेच अंतर मोजून घ्या. फरक मागच्या चाकाच्या एकूण वर-खाली चालीच्या तिसऱ्या भागाच्या आसपास असावा. त्याहून जास्त असला तर मागचा भाग बसलेला आहे. गाडी मागून अशी दबली की पुढचं चाक हलकं होतं, गाडी वळणावर बाहेर जाते, हेडलाइट वर जातो. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं त्याचीच आहेत.

आणि चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश तपासले का? मेन स्टँडवर मागचं टायर दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खट् असा आवाज आला किंवा हाताला खेळ जाणवला तर बुश गेले. कोनसेट सगळे बदलतात, बुशकडे कोणी पाहत नाही.

घाटवळण

फिटरदादांनी बरोबर सांगितलं. सामानाबद्दल माझी भर. टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे आणि उंचावर असतो. तिथले १४ किलो म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला लटकवलेलं वजन, वाऱ्याचा धक्का बसला की तेच गाडीला झुलवतं. तुमच्या रॅकवर वजनाची मर्यादा कोरलेली असेल, एकदा बघाच. हत्यारं आणि पाणी बाजूच्या बॅगांच्या तळाशी, शक्य तितकं पुढे, दोन्हीकडे सारखं. कॅमेरा टाकीवरच्या बॅगेत. मागच्या बॉक्समध्ये फक्त रेनकोट आणि टॉवेल.

मागचं टायरही पाहून घ्या. सरळ हायवेवर २२ हजार झाले म्हणजे मधला भाग सपाट झाला असेल. अशा टायरची कड वळणावर अचानक लागते.

डुलायला लागली तर तुम्ही केलं ते योग्यच होतं. हँडल घट्ट धरू नका, गुडघ्यांनी टाकी दाबा, अंग थोडं पुढे झुकवा, रेस हळू सोडा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी पार्किंगमध्ये मोजमाप केलं, मुलीने टेप धरला. चाक अधांतरी असताना ५२ सेंमी, दोघं आणि सामान असताना ४५.५. साडेसहा सेंटिमीटर खाली! रिंग पहिल्याच पायरीवर होती, चार वर्षांत मी तिला हात लावलेला नव्हता. चौथ्या पायरीवर नेली, सामान तुम्ही सांगितलं तसं हलवलं, आता ४७.५ येतं. रॅकवर '५ किलो' कोरलेलं निघालं. काळ्या रंगावर काळीच अक्षरं, बोट फिरवलं तेव्हा कळलं.

चिमट्यात किंचित खेळ आहे, बुश सोमवारी बदलतो. हवा पुस्तिकेप्रमाणे भरली, सकाळी सहाला, घरच्या पंपाने.

आज संध्याकाळी मिहानच्या मोकळ्या रस्त्यावर सामानासकट, तिला घेऊन, ८०पर्यंत नेली. एक टँकर बाजूने गेला, थोडा धक्का जाणवला आणि गाडी लगेच सावरली. ती मागून म्हणाली, "आज बरी चालतेय." खांद्यावरचा हात सैल होता.

टायरचं राहिलं आहे. मधला भाग सपाट झालाय, पण झिजेच्या खुणेपर्यंत अजून दोन मिलिमीटर बाकी आहेत. चिखलदऱ्याचा घाट आहे म्हणून आधीच बदलू, की परतल्यावर? कोणी परतवाडा ते चिखलदरा अशा टायरवर दोघांनी केलं असेल तर जरूर लिहा.